बाहेरचा नर

खोली भाड्याने देताना घरमालक नोकरी विचारतात, माणसं किती ते विचारतात, स्वयंपाकात काय काय शिजतं ते आडून आडून काढून घेतात. आमच्या घरमालक काकांनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी माझ्या आईचं माहेर विचारलं. मग आजीचं. मग बायकोचं. बायको पैठणच्याही पलीकडची आणि लग्नाआधी दोन्ही घरांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता, हे ऐकल्यावर ते खुर्चीत मागे रेलले.

"लांबची केली. बरं केलं," ते म्हणाले. "उद्या सामान आणा."

म्हाताऱ्याचं डोकं जरा सरकलेलं आहे, असं मी त्या दिवशी बायकोला सांगितलं. पुढे नऊ-दहा वर्षं पडेगावात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर काढली, तरी माझं हे मत फारसं बदललं नाही. ते कोणत्या दिशेला सरकलं होतं, एवढं मात्र हळूहळू कळत गेलं.

काका निवृत्त पशुधन पर्यवेक्षक. खेड्यापाड्यात सगळे त्यांना डॉक्टरसाहेब म्हणत आणि ते प्रत्येक वेळी न चुकता दुरुस्त करत, की मी डॉक्टर नाही, डॉक्टरच्या हाताखालचा. अंगात बारा महिने अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. खिशाला दोन पेनं, त्यातलं एक बंद पडलेलं. कुणी पेन मागितलं की ते बंद पडलेलं पुढे करत आणि माणूस झटकून झटकून थकला की परत घेऊन खिशाला लावत. कंजूष नव्हते. चालतं पेन एकदा गेलं की परत येत नाही, हा त्यांचा तीस वर्षांच्या सरकारी नोकरीतला अनुभव होता.

त्यांच्या डोक्यात एकच विषय होता, नसल, म्हणजे जनावराचा वंश. जनावर कुणाचं, हे ते विचारत नसत. कुणापासूनचं, हे विचारत. रविवारी मटण आणायला गेले की खाटकाला विचारणार, बोकड कुठल्या गावचा, कुठल्या कळपातला, त्याच कळपात जन्मला की बाहेरून आणलेला. मागे रांग खोळंबलेली. खाटीक बिचारा भला माणूस, तो म्हणायचा, "काका, आप तो इसकी शादी लगा रहे." काकांना यात विनोद वाटत नसे. ते गंभीरपणे म्हणत, की शादी लागायला पाहिजे होती, तू लवकर कापलास.

माणसांनाही ते सोडत नसत. आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत आहे, आणि काका त्या रीतीच्या हात धुऊन मागे लागले होते. कुणाच्या साखरपुड्याला गेले आणि मुलगी मामाचीच आहे असं कळलं, की ते जेवणाच्या पंगतीत मेंढ्यांची उदाहरणं द्यायला लागत. दोन ठिकाणी त्यांना आवराआवर करून घरी आणावं लागलं. गंमत अशी, की काकू त्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी. त्यांना एकच लेक, ती पुण्याला, हुशार, धडधाकट. काकू म्हणायच्या, आता सत्तरीत मला कुठं परत पाठवताय ते तरी ठरवा. काका त्यावर म्हणायचे की आपलं नशीब चांगलं निघालं, पण नशिबावर कळप चालत नाही. असं बोलून झालं की काकूंच्या हातचा चहा घेत आणि कपबशी स्वतः विसळून ठेवत. एवढा गोडीचा संसार मी दुसरा पाहिला नाही.

पावसाळा सरला की धनगरांचे कळप दौलताबादच्या रस्त्याने यायला लागत. ज्याच्या शेतात मेंढ्या बसतील त्याला खत मिळतं, म्हणून शेतकरी त्यांना आवर्जून बसवून घेतात. काकांचा हा हंगाम. सकाळीच स्कूटर काढून ते एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामावर जात आणि मेंढ्यांच्या अदलाबदली जमवत. धनगरांची ही जुनी चाल आहे. कळपातला मेंढा दोन-तीन वर्षांच्या वर ठेवायचा नाही. त्याच्या पोरी वयात यायच्या आत तो दुसऱ्या कळपाला द्यायचा आणि तिथला आपण घ्यायचा. काका मध्यस्थ. कुठला मेंढा कुठून कुठे गेला हे त्यांनी शाळेच्या वह्यांत लिहून ठेवलं होतं, आणि दोन कळपांचं आधीच कुठे नातं लागतं का, हे ते वही उघडून सांगत. काकू म्हणायच्या, एवढी स्थळं माणसांची जमवली असती तर दारात मिठाईचे डबे आले असते. दारात यायच्या त्या मेंढ्या.

ही चाल त्यांना शिकवली एका धनगराच्या म्हातारीने, आणि तीही फार उशिरा. त्यांच्या बैठकीत, जिथे इतरांच्या घरी देवाचा नाहीतर वडलांचा फोटो असतो, तिथे खिळ्याला एक भला मोठा लोखंडी चिमटा टांगलेला होता. नवा माणूस आला की त्याची नजर त्याच्यावर जायचीच. नर खच्ची करायचा चिमटा. जखम न होता आतली नस दाबली जाते आणि नर बाद होतो. मी वर्षभर विचारायचं टाळलं. मग एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी काही आढेवेढे न घेता सांगितलं.

कन्नड तालुक्यात नोकरीला असताना त्यांना वरून काम आलं होतं, की गावठी नर बाद करायचे आणि सुधारित जातीचे वाटायचे. काका तरुण होते, कामसू होते. त्यांनी गावंच्या गावं पालथी घातली. ज्या कळपात शिरले त्यातला एकही जुना मेंढा त्यांनी सोडला नाही, आणि प्रत्येक कळपाला नवा मेंढा दिला. हे सगळे नवे मेंढे एकाच ठिकाणचे, एकाच बापाचे. म्हणजे गावोगावचे कळप एकदम एकमेकांचे चुलतभाऊ होऊन बसले. पहिली दोन वर्षं कोकरं तुकतुकीत निघाली. काकांचं कौतुक झालं. नंतर मात्र कोकरं जगेनात. काही लंगडी, काही आंधळी, काहींचा खालचा जबडा एवढा आखूड की आचळ धरता येईना. धनगरांनी जुन्या चालीप्रमाणे मेंढे बदलून पाहिले, पण ज्याच्याशी बदलावं त्याच्याकडेही तोच. तेव्हा ती म्हातारी त्यांना म्हणाली होती, साहेब, आमच्याकडं वाईट मेंढा आला तरी आमी निभावतो, तुमी बाहेरचा नरच शिल्लक ठेवला नाय. काकांची तोवर बदली झाली. चिमटा जमा करायची वेळ आली तेव्हा त्यांनी तो हरवला म्हणून लिहून दिलं आणि घरी आणून भिंतीला लावला. रोज दिसावा म्हणून, असं ते म्हणाले.

आता आमच्याबद्दल. आमची जमीन देवगाव रंगारीच्या पुढे. चांगली जमीन रस्त्याच्या अंगाला, आणि मागे बारा एकर नुसता माळ. मुरूम आणि गवत. मी शहरात कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला, शेती थोरला भाऊ, दादा बघतो. पडीक माळाचं करायचं काय, तर आम्ही शेळ्यांचा फार्म काढला. सगळीकडे निघत होते, आम्हीही काढला. चारी बाजूंनी माणसाच्या उंचीची जाळी, मध्ये शेड, राखणीला दोन कुत्री. पूजेला मी काकांना हौसेने घेऊन गेलो. मनात होतं, म्हातारा शेळ्या पाहून खूश होईल.

त्यांनी नारळ फुटायच्या आधीच विचारलं, बोकड कुठनं आणला. दादाने अभिमानाने सांगितलं, की शेळ्या आणि बोकड एकाच नामांकित फार्मवरून आणलेत, सगळा माल एकसारखा. काकांनी प्रसाद घेतला आणि जाळीच्या कडेकडेने बारा एकराला फेरी मारून आले. परत आले ते तोंड उतरवून. मला राग आला. एवढा जीव तोडून माणसाने काही उभं करावं आणि पाहुण्याने त्याच्याकडे मयताला आल्यासारखं बघावं.

तिसऱ्या वर्षी करडं मरायला लागली. औषधं झाली, लस झाली. एक करडू मी स्वतः मांडीवर घेऊन बाटली लावत होतो. ते चोखायला बघायचं आणि दूध गालातून बाहेर यायचं. तोंड उघडून पाहिलं तर खालचा जबडा बोटभर आखूड. मी काकांना फोन केला. तीन दिवसांनी ते धाराशिवकडून टेम्पोच्या हौद्यात बसून आले, शेजारी एक दांडगा काळा बोकड, दोघांच्याही अंगावर सारखीच धूळ. आमचा बोकड त्यांनी त्याच टेम्पोत घालून परत पाठवला. अदलाबदल. बोकडाचं सोडा, टेम्पोचंही त्यांनी काही घेतलं नाही. पुढच्या विताला करडं उड्या मारायला लागली. दादा त्यानंतर काकांच्या पाया पडायला लागला.

टेम्पो आला त्या दिवशी, अंगावरची धूळ झटकायच्याही आधी, काका मला माळाच्या वरच्या टोकाला घेऊन गेले. तिथून दोन्हीकडचं दिसतं. उत्तरेला कन्नडच्या डोंगरापर्यंत गेलेला मोठा माळ, दक्षिणेला लहानसा, पुढे हमरस्त्याने आणि कालव्याने कापलेला. आमची जमीन या दोन्हींच्या मधली मान. पूर्वेला वस्ती, पश्चिमेला खदान. दोन्ही माळांवर काळवीट होते, लहानपणापासून आम्ही बघत आलो होतो, आणि आमच्या गवतातून ते इकडून तिकडे जात, हेही बघत आलो होतो. फक्त त्याचा कधी विचार केला नव्हता.

काकांनी मला दक्षिणेच्या माळावरचा काळा नर दाखवला. एका ठराविक जागी उभा, तिथेच त्याच्या लेंड्यांचा ढीग. आजूबाजूला दहा-बारा माद्या आणि पाडसं. "तुमची जाळी आली त्याच्या आधीपासनं हाच हाय," ते म्हणाले. "आता त्या समद्या त्याच्याच लेकी, त्याच्याच नाती. कळपातून हाकललेलं तरणं पोरगं दुसरीकडं वाट काढतं, तसं तिकडनं इकडं कुणीतरी यायचं. आता येत नाय."

मी म्हणालो, काळवीट एवढी उंच उडी मारतं, जाळी काय सहज ओलांडेल. काकांनी सांगितलं, की ते मोकळ्यावर उड्या मारतं, आडव्या आलेल्या गोष्टीवरून नाही. अडवलं की ते खालून जागा शोधतं. नाही सापडली तर वळून जातं. शिवाय तुमची कुत्री आहेत. धनगराच्या मेंढ्याही हेच गवत खातात, पण त्या चार दिवस बसून पुढे जातात. फार्म कुठे जात नाही.

"तुमच्या कळपाला मी बाहेरचा नर आणला," ते म्हणाले. "त्यांच्या कळपाला तुमी येऊ द्या. चिमटा लावला काय अन् जाळी लावली काय, भाऊसाहेब, नर बादच होतो."

त्यांना आमच्या जाळीतून एक बोळ हवा होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत, बैलगाडी वळेल एवढा. मी म्हणालो, दादाला विचारून सांगतो. दादा पाया पडत होता तरी बोळाला कबूल नव्हता. लांडगे येतील, मोकाट कुत्री येतील, फार्मचे दोन तुकडे होतील. मलाही ते पटत होतं, आणि खरं सांगायचं तर न पटायला मी फारशी खटपट केली नाही. आज सांगतो, उद्या सांगतो करत दोन वर्षं गेली.

काकांनी एकदाही तगादा लावला नाही. ते दुसऱ्या मार्गाला लागले. वनखात्याच्या कचेरीत जाऊन त्यांनी अर्ज दिला. विषय, काळवीट नराच्या अदलाबदलीबाबत. उत्तरेचा एक नर दक्षिणेला आणि दक्षिणेचा उत्तरेला, खर्च अर्जदार सोसेल. तिथले अधिकारी सज्जन होते. त्यांनी काकांना बसवून समजावलं, की अशा कामाला नमुना नाही, वन्यप्राणी असा उचलून कुणाला नेता येत नाही, आणि पकडापकडीत काळवीट भीतीनेच मरतं. काकांना हे शेवटचं पटलं आणि ते अर्ज घडी घालून घरी घेऊन आले. मी हसलो होतो तेव्हा. ऑफिसात चार जणांना तो किस्सा रंगवून सांगितलाही होता.

मग एका रविवारी सकाळी, हरणं बघायला आलेल्या काकांचा मला फार्मच्या मागून फोन आला, या म्हणून. मी गावीच होतो. जाळीला लागून बाहेर, दक्षिणेच्या अंगाला एक पाडस मरून पडलं होतं, आठ-दहा दिवसांचं. काकांनी वनरक्षकाला कळवलं होतं आणि तो येईपर्यंत उपरणं अंथरून ते शेजारी बसले होते. त्यांनी हात लावला नव्हता. वनरक्षक आला, त्याने पंचनाम्याला पाडसाचं तोंड उघडलं, आणि मी पाहिलं. खालचा जबडा बोटभर आखूड.

मी काकांकडे बघितलं. मला वाटलं, आता हे बोलतील. ते म्हणाले की एकावरून काही ठरत नाही, दुसरंही कारण असेल, तपासणारी माणसं वेगळी असतात. त्यांनी मला एवढीही संधी दिली नाही की त्यांच्यावर चिडावं. मी तेच तोंड मांडीवर घेऊन बाटली लावलेली होती. माझ्या करडांसाठी माणूस टेम्पोत बसून धाराशिवहून आला होता, आणि मी दोन वर्षं उद्या सांगतो म्हणत होतो. मला माझी लाज वाटली. ती अजून तशीच्या तशी वाटते.

दादाशी त्या दिवशी पहिल्यांदा भांडलो. शेवटी म्हणालो, बोळ माझ्या हिश्श्यातून काढ. तो दोन दिवस बोलला नाही आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच पाना घेऊन जाळीचे बोल्ट खोलायला लागला. आठवड्यात आम्ही मधोमध बोळ काढला, शेळ्या एका बाजूला घेतल्या, कुत्री रात्रंदिवस शेडपाशी बांधायची ठरवलं. आणि बोळाच्या उत्तरेच्या तोंडाशी उभं राहिल्यावर आमच्या लक्षात आलं की पुढे तारेचं कुंपण आहे.

ती जमीन आबांची. आबा धनगर, वडलांपर्यंत मेंढ्या होत्या, आता चार शेळ्या आणि थोडी शेती, मुलगा चितेगावच्या कारखान्यात. कुंपण वर्षभरापूर्वी घातलेलं. आम्ही येता-जाता पाहत होतो आणि पाहत नव्हतो. मी त्यांच्याकडे गेलो. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमची जाळी नव्हती तवा हरणं तुमच्या माळातनं निघून जायची," ते म्हणाले. "माझ्या बांधाला तोंड लावायची, पर थांबायची नाय. तुमी वाट बंद केली, ती माझ्या हरभऱ्यात मुक्कामाला बसली. पोराच्या पगारातनं तार आणली. आता तुमीच म्हणता, काढ."

 मी पडेगावला परत येऊन काकांना सांगितलं. ते म्हणाले, मला घेऊन चला. मी सांगून पाहिलं की आबा कुणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नाहीत. काका म्हणाले, ऐकवायला जायचं नाही.

आबा बाजेवर बसले होते. त्यांनी काकांकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि विचारलं, "चिमटेवाले साहेब का?"

"व्हय. मीच," काका म्हणाले.

 हा कन्नड तालुका त्यांच्या नोकरीतलाच होता हे मला माहीत होतं, पण गावांची नावं मी कधी विचारली नव्हती. आबांनी बाजेवर सरकून जागा केली नाही. काका खाली जमिनीवर बसले, गुडघे दुखत होते तरी बसले.

"तुमच्या वडलांचा शिंगाळ मेंढा मी बाद केला," ते म्हणाले. "वरनं सांगितलं म्हणून केला, आसं म्हणणार नाय. मला बी पटलं व्हतं. चुकलं माझं."

 आतून सुनेने पाणी आणून ठेवलं. ते कुणी घेतलं नाही.

"बाप लई वर्सं म्हणायचा," आबा शेवटी म्हणाले. "साहेब येऊन येकदा तरी इचारतील, बाबा, तुझ्या मेंढरांचं काय झालं. कळप मोडला, बाप बी गेला. कुणी आलं नाय."

काकांनी मान खाली घातली. म्हणाले, "आज आलो." आणि खरोखरच विचारलं. किती होत्या, कोणत्या वर्षी किती गेल्या, शेवटी कुणाला विकल्या. आबा सांगत गेले. तासभर तरी सांगत होते. मला त्यातलं निम्मं कळलं नाही, पण उठून जावंसं वाटलं नाही. सांगून झाल्यावर आबांनी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून काकांच्या पुढे सरकवलं आणि मला विचारलं, वाट किती रुंद पाहिजे.

आबांची तार काढली नाही, सरकवली. आमची निघालेली जाळी, त्यांचा हरभरा झाकेल अशी, दोन्ही अंगांना लावून दिली आणि मधून बोळ पुढे नेला. खुंट्या रोवायला दादा, आबा आणि मी. काका दगडावर बसून, ही वाकडी, ती आखूड, असं सांगत होते. आबा एकदा त्यांना म्हणाले, साहेब, आता तरी हुकूम सोडा. काका हसले. त्यांना असं मोकळं हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं.

मग काहीच झालं नाही. पावसाळा गेला, हिवाळा आला. बोळात घोरपड दिसली, ससे दिसले, आमच्याच सुटलेल्या शेळीचे खूर दिसले. मी एकदा उत्साहाने मातीतल्या खुराचा फोटो काढून आणला. काकांनी चष्मा पुसून पाहिला आणि म्हणाले, शेळी. पुन्हा एकदा नेला. शेळी. त्यांना माझं मन राखायचं सुचलंच नाही, आणि आता वाटतं, सुचलं नाही ते बरं झालं.

दुसऱ्या हिवाळ्यात काकांनी अंथरूण धरलं होतं. लेक पुण्याहून येऊन राहिली होती. एका सकाळी दादाचा फोटो आला. बोळात, अगदी मधोमध, एक तपकिरी तरणं काळवीट उभं. शिंगांना जेमतेम दोन पीळ. मी दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेलो आणि मोबाईल त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. त्यांनी पुष्कळ वेळ पाहिलं. शेळी म्हणाले नाहीत.

"कुठनं कुठं चाललंय?" त्यांनी विचारलं.

मला ते माहीत नव्हतं. दादाला फोन लावला. दादा म्हणाला, आबांच्या बाजूने आलं आणि दक्षिणेच्या माळावर उतरलं. काळ्या नराने दोनदा हाकललं, पण परत गेलं नाही, तिथेच चरतंय. मी ते काकांना सांगितलं आणि सांगता सांगताच माझा उत्साह ओसरला. दोन वर्षांची उठाठेव, दोन शेतांतून काढलेला रस्ता, आणि आला तो एक. मी तसं म्हणालोही. म्हणालो, एकच आलाय हो काका.

"एकच लागतो," ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता, पण शब्द नीट लागत होते. "पिढीला एक. कळप बुडत नाय मग. जास्तीचे आणून काय करायचंय." मोबाईल त्यांनी हाताने बाजूला सारला. "पर पुढल्या पिढीला परत एक लागंल, भाऊसाहेब. आज आला म्हणून वाट झाकू नका."

होळीच्या आधी ते गेले. आबा आले होते, शेवटपर्यंत थांबले. मी रडलो, वडील गेले तेव्हाही एवढा रडलो नव्हतो. वह्या काकूंनी आबांकडे दिल्या.

आम्ही पडेगावचं घर सोडलं, पण फार्मवर दर रविवारी जातो. शेळ्या वाढल्या आहेत. दादाला शेड वाढवायचं आहे आणि त्यासाठी सपाट, सोयीची जागा एकच आहे, ती बोळाची. दर दिवाळीला तो विषय काढतो. एक येऊन गेला ना, आता बास की, असं म्हणतो. काळविटाची पिढी काकांच्या अंदाजाने चार वर्षांची, आणि तो तपकिरी येऊन चौथं लागलंय. मी दादाला म्हणतो, थांब, अजून एक यायचाय.